दोन किलो टमाट्यांचा सॉस

आमच्या घरी रविवारचा स्वयंपाक मी करतो. म्हणजे एकच पदार्थ करतो, पास्त्याचा लाल सॉस. कुकरला वरण-भात लावता येतो, पण त्याला मी स्वयंपाक म्हणत नाही.

या सॉसला दोन किलो टमाटे लागतात. पिकलेले, पण कडक. ते मी गॅसवरच्या जाळीवर भाजतो, भरताचं वांगं भाजतात तसे, एका वेळी चार. साल काळी पडून फाटली की उतरवायचे आणि झाकून ठेवायचे, मग साल आपोआप निघते. बिया मी काढत नाही. दोन कांदे बारीक चिरून, एक मोठी लसणाची गड्डी, चार सुक्या मिरच्या. मीठ वजनकाट्यावर मोजून घालतो. याबद्दल घरात पुष्कळ बोलून झालेलं आहे, पण ‘अंदाजानं’ हा शब्द मला कधीच समजलेला नाही. सुपारीएवढा गूळ. पानओव्याची आठ पानं, गच्चीवरच्या कुंडीतली. नंतर मंद आचेवर तासाभराहून थोडं जास्त, आणि उतरवल्यावर वरून दोन चमचे जवसाचं कच्चं तेल. दोन किलोंचा पाऊण किलोहून थोडा कमी सॉस होतो.

हे सगळं सुरू झालं मुलगी आठवीत असताना. मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिनं पास्ता खाल्ला आणि घरी येऊन तसाच पाहिजे म्हणून बसली. बायको म्हणाली, असलं काही मी करणार नाही, ज्याला हौस त्यानं करावं. मी केलं. पहिल्यांदा आंबट झाला, दुसऱ्यांदा पाणचट. मी कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब पाहतो. काय कशानं बिघडलं हे शोधून काढायची सवय आहे. दर रविवारी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, असं करत करत सॉस जमला. बायको दारातून पाहायची आणि म्हणायची, “टमाटे शिजवून राह्यले का ताळेबंद लावून राह्यले?”

पास्त्याच्या जागी सरगुंडे कसे आले तेही सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात बायका शेवयांबरोबर सरगुंडे करतात. सपिटाची घट्ट भिजवलेली कणीक घ्यायची, तिची बोटांनी बारीक दोरीसारखी वळी करायची, ती गुळगुळीत काडीवर गुंडाळायची आणि हलकेच काडी ओढून घ्यायची. आतून पोकळ, बाहेरून मळसूत्री असा तुकडा राहतो. तो उन्हात वाळवायचा. ते उकडून आमरसासोबत खातात, आणि मुख्य म्हणजे जावई आला की करतात. वाळवताना, भरताना काही मोडतातच. मोडके वेगळ्या डब्यात जातात. अख्खे पाहुण्यांचे, मोडके घरच्यांचे, असा आमच्या घरचा नियम. एका रविवारी पास्त्याच्या पुड्यात किडे निघाले. सॉस तर तयार होता. बायकोनं मोडक्या सरगुंड्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला. त्या दिवसापासून आम्ही पास्ता आणला नाही.

गेल्या दिवाळीनंतर बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. संक्रांतीला येते म्हणाली होती. संक्रांतीला बाळ लहान होतं. मग होळी ठरली. होळीला मुलीची रजा संपत आली होती आणि पाळणाघराचा विषय निघाला होता. मला वर्ध्याहून हलता येत नव्हतं, कारण कापसाचा हंगाम म्हणजे आमच्या ऑफिसात कुणाला ताप आला तरी तो घरी जात नाही. बारशाला दोन दिवस जाऊन आलो तेवढंच. परत आलो तेव्हा घराला एक बंद वास आला होता. मी खिडक्या उघडल्या, पण तो वास काही दिवस तसाच राहिला.

बायको परत कधी येणार, एवढा एकच प्रश्न होता. तो मी फोनवर सरळ विचारत नव्हतो. ती सरळ सांगत नव्हती. जेवले का, दूधवाला येतो का, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालता का, एवढं झालं की बाळ रडायचं आणि फोन बंद व्हायचा.

रविवारी मी सॉस करत होतो. एकट्यासाठी दोन किलो टमाटे आणणं मला पटेना, म्हणून मी प्रमाण उतरवलं. चौथा भाग घ्यायचा ठरवला. अर्धा किलो टमाटे, अर्धा कांदा, एक मिरची, पानओव्याची दोन पानं. मीठ, गूळ सगळं काट्यावर चौथ्या हिशेबानं. वीस मिनिटांत कढईच्या कडेनं करपलं आणि मधे कच्चा आंबटपणा तसाच राहिला. पुढच्या रविवारी छोटं पातेलं घेतलं. तरी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी पाणी घालून पाहिलं, तर आमटी झाली. गणितात चूक नव्हती, ते मी पुन्हा तपासलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की थोडा सॉस लवकर आटतो. आंबटपणा मुरायला जो वेळ लागतो तो त्याला मिळतच नाही. टमाटे कमी केले म्हणून तो वेळ कमी होत नाही. हा सॉस एका माणसाचा होत नव्हता.

मी परत दोन किलोंवर आलो. रविवारी केलेला सॉस गुरुवारपर्यंत पुरायचा. डब्यात पोळीसोबत तोच. ऑफिसातला माझ्या बाजूच्या टेबलावरचा एक जण दोन दिवस पाहत होता. तिसऱ्या दिवशी डब्यात डोकावून म्हणाला, “साहेब, वहिनी येईपर्यंत तुमचं रक्त टमाट्याचंच होते.” सगळे हसले. मीही हसलो.

त्या सॉससोबत मी मोडके सरगुंडे खात होतो. मूठभर घ्यायचे, उकडायचे, वर सॉस. त्या वाफेत तोंड धरलं की मुलगी शाळेच्या गणवेशात समोर बसल्यासारखी वाटायची, आणि बायको आत काहीतरी आपटत असल्यासारखी. ताट धुवून ठेवेपर्यंत ते टिकायचं. चैत्र लागता लागता मोडक्यांचा डबा संपला. वरच्या फळीवर अख्ख्यांचा मोठा डबा होता. ते बायकोनं मागच्या उन्हाळ्यात जावयासाठी करून ठेवलेले होते. तेव्हा मुलीला दिवस गेलेले असल्यामुळे जावई आले नव्हते, यंदा मे महिन्यात बाळाला घेऊन सगळे येणार होते. बायकोही त्यांच्यासोबत येणार आणि मग इथेच राहणार, असं मी धरून चाललो होतो. कुणी तसं म्हटलं नव्हतं.

मी तो डबा काढला. अख्खे खायचे नाहीत हे मला माहीत होतं. म्हणून मी ते मोडून खाल्ले. उकळत्या पाण्यावर धरायचे, अंगठ्यानं दाबून दोन तुकडे करायचे आणि सोडायचे. हे मी कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, पण मला त्या वेळी त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मोडके घरच्यांचे. घरात मी होतो. एका रविवारी मूठभर, दुसऱ्या रविवारी मूठभर, नंतर मधल्या वारीही.

मे लागला. वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला. एका संध्याकाळी बायकोचा फोन आला, नेहमीच्या वेळेच्या आधी. डॉक्टर म्हणाले इतक्या उन्हात बाळाला घेऊन जाऊ नका, म्हणून येणं रद्द. जावयाची आई महिनाभरासाठी पुण्यात राहायला आली आहे, आमरसाचं जेवण तिथेच करायचं ठरलं आहे. इथून एक ओळखीचे गृहस्थ पुढच्या आठवड्यात पुण्याला जाणार आहेत, त्यांच्याकडे अख्ख्या सरगुंड्यांचा डबा द्यायचा.

जावयाला सासुरवाडीला बोलावून जेवू घालायचं ते जेवण. ते आता पुण्याला होणार होतं. मी वर्ध्यात बसून डबा पाठवायचा होता. मला डब्याआधी तेच समजलं. डबा नंतर आठवला.

“डब्यात पाव किलोही नसतील,” मी म्हणालो.

“काऊन? दोन किलोचे केलते मी.”

“मी खाल्ले.”

“कशासंगं?”

“सॉससंगं.”

पलीकडे बाळाचा आवाज आला, मग ती दुसऱ्या खोलीत गेली असावी.

“अख्खे खाल्ले?”

“अख्खे खायचे नाई म्हणतेस ना तू. मोडून खाल्ले.”

ती हसेल असं मला वाटलं होतं, किंवा बोलेल तरी. बरंच बोलता येण्यासारखं होतं. तिनं एवढंच विचारलं, “रोज?” मी म्हणालो, रोज नाही, पण पुष्कळदा. तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं कळवलं की ती येते आहे. कारण काय, तर सरगुंडे करायचे. पुण्याच्या फ्लॅटला गच्ची नाही, काड्या नाहीत, आणि तिथे कुणाला वळायला येत नाही. आठवडाभर येईन, करीन, घेऊन जाईन. मुलीनं तेवढे दिवस घरून काम करायचं कबूल केलं होतं. ‘घेऊन जाईन’ हे शब्द मी ऐकले होते. तरी मी घर पुसून काढलं, पडदे धुतले, आणि तिचा भाऊ कारंज्याहून बसनं पाठवणार होता ते गव्हाचं पोतं स्टँडवर जाऊन घेऊन आलो. बन्सी गहू, तोच लागतो तिला.

ती आली तेव्हा बारीक झालेली दिसली. घरात शिरल्या शिरल्या तिनं फ्रिज उघडला, सॉसचं भांडं पाहिलं आणि झाकण परत लावलं. “बापा, एवढा?” म्हणाली. मी तिला चौथ्या भागाची हकीकत सांगितली. कढई, पातेलं, पाणी, सगळं. ती उभ्यानंच ऐकत होती. मधे एकदा तिनं माझ्या शर्टाच्या कॉलरवरचा डाग नखानं खरवडून पाहिला.

सरगुंडे करायला आम्ही पहाटेनंतर लगेच गच्चीवर बसायचो, ऊन चढायच्या आत. वरच्या मजल्यावरच्या ताई मदतीला यायच्या. मला त्यांनी कणकेच्या वळ्या करायला बसवलं. माझ्या वळ्या एकसारख्या होत, पण फार सावकाश होत. ताई म्हणाल्या, “भाऊ, जरा हात चालवा, नाईतर तुमचा नातू लग्नाले येईल.” बायको म्हणाली, “राहू द्या ताई, ते मोजून राह्यले.” खरं तर मी मोजत नव्हतो. मी तिच्या बोटांकडे पाहत होतो. वळी काडीवर तिरपी लागायची, काडी एकदा फिरायची, आणि मळसूत्र सुटून तिच्या तळव्यावर यायचं. मला वाटलं, हे असंच सकाळभर चालू राहावं. नऊच्या आत गच्ची तापली आणि आम्ही खाली आलो.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं. ती स्वयंपाकघरात मागच्या दिवशीचे सरगुंडे निवडत होती, अख्खे एका बाजूला, मोडके दुसऱ्या. मी सॉसचे टमाटे भाजत होतो, जाळीकडे पाहत, म्हणून विचारता आलं. मी म्हणालो, हे घेऊन गेलीस की परत कधी?

ती निवडत राहिली. मग म्हणाली, “मी सध्या नाई येत. पोरगी कामावर जाते, लेकरू कोणापाशी ठेवू?”

“सध्या म्हणजे?”

“ते शाळेत जाईपर्यंत.”

“म्हणजे तीन वर्षं.”

“तुम्हीच सांगता हिशेब.” मग एक मोडका बाजूला टाकत, “तुम्हाले या म्हटलं असतं. नोकरी सोडून तुम्ही तिथं काय करान? खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजान.”

माझ्या निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत. तीन आणि सहा हे आकडे मी मनात पुढे-मागे ठेवून पाहिले. त्यातून काहीच निघालं नाही. टमाट्याची साल फाटून रस जाळीवर पडला आणि गॅसची ज्योत पिवळी झाली. तिनं उठून गॅस बारीक केला. “तिले माझी गरज आहे,” ती म्हणाली, “आणि तुमचं मले दिसते. दोन्ही दिसते. पण मी एकच आहे.”

ती खोटं बोलत नव्हती. मी सॉस केला, दोन किलोंचाच. आम्ही दोघं जेवलो. तिनं दोनदा घेतला. मीठ बरोबर आहे म्हणाली. इतक्या वर्षांत मिठाबद्दल ती प्रथमच बोलली असेल, कारण ते नेहमीच बरोबर असतं.

जायच्या आदल्या दिवशी तिनं सरगुंडे भरले. मोठा डबा पुण्याचा. मग तिनं एक मधला डबा घेतला आणि त्यातही अख्खेच भरले, वरपर्यंत. मोडके त्यात घातले नाहीत, ते वेगळे बांधून स्वतःच्या पिशवीत टाकले. मधला डबा माझ्या नेहमीच्या फळीवर, हात पोचेल अशा जागी ठेवला आणि म्हणाली, “हे तुमचे. मोडू नका.”

मी तिच्यासोबत ताज्या सॉसची बरणी दिली. काचेची, झाकण घट्ट बसणारी. सॉस गरम असतानाच भरला, वर दोन बोटं जागा सोडली. जवसाचं तेल वेगळ्या लहान बाटलीत दिलं, कारण ते गरम होता कामा नये. किती घालायचं ते सांगितलं. गाडीत बरणी उभीच राहावी म्हणून तिच्याभोवती जुना टॉवेल गुंडाळला. स्टेशनवर आम्ही पंख्याखाली उभे होतो. तिनं दूधवाल्याला दूध कमी करायला सांगा म्हटलं. मी म्हटलं, केव्हाच केलं आहे. गाडी आली, ती चढली, मी खिडकीपाशी गेलो तर आत अंधारी काच होती आणि मला माझाच चष्मा दिसला. गाडी सुटेपर्यंत मी त्या काचेकडे हात करून उभा होतो. ती त्याच बाजूला बसली होती की नाही, ते मला माहीत नाही. विचारायचं राहून गेलं.

त्या रविवारी पुण्याला आमरसाचं जेवण होतं. मीही इथे सॉस केला, सरगुंडे उकडले, अख्खे. ताट वाढून घेतलं आणि तेवढ्यात बायकोचा फोन आला. आम्ही बसतो आहोत, तुम्हीही बसा, म्हणाली. तिनं फोनचा आवाज मोठा केला आणि तो पाण्याच्या जगला टेकवून ठेवला, असं मला सांगितलं. मी इथला पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल.

जावई म्हणाले, “बाबा, सॉस एक नंबर झालाय. आई म्हणतेय आमरस नंतर, आधी हा.” त्यांच्या आईनंही नमस्कार सांगितला, आणि हे नळीसारखे कसे करतात ते विचारलं. मुलीनं सांगितलं, तेल वरून घातलं बाबा, तुम्ही म्हणाला होता तेवढंच. मी म्हणालो, बरं झालं. मग बाळ रडलं. कुणीतरी उठलं. खुर्ची सरकली. मुलगी म्हणाली, तू जेव, मी घेते. बायको म्हणाली, तू जेव, मीच घेते. जावई कुठल्यातरी मिटिंगबद्दल सांगायला लागले, त्यांच्या आईनं पोळी हवी का विचारलं, कुणी म्हटलं अर्धी. बाळ शांत झालं. बायको त्याच्याशी त्या बारीक आवाजात बोलत होती, ज्या आवाजात ती मुलीशी बोलायची, मुलगी तेवढी असताना. चमचे वाजत होते.

फोनचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर सगळे दचकले असते, अरे बाबा आहेत, म्हणाले असते, आणि मग आळीपाळीनं माझ्याशी बोलायला लागले असते. मला ते नको होतं. असंच ऐकायला हवं होतं. माझ्या पुढ्यातलं ताट गार झालं होतं. मी चमचा बाजूला ठेवला आणि आवाज होऊ न देता हातानं जेवायला लागलो.